नादारीचा अर्ज : कर्जदार, कोर्ट आणि वकील

‘नादार’ हा शब्द ग्रंथालयाच्या जुन्या सभासदांना प्रथम भेटला तो शाळेत. फी माफ झालेला विद्यार्थी तो नादार विद्यार्थी, एवढाच त्याचा अर्थ त्या वयात ठाऊक असे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘ज्याच्यापाशी काही नाही तो’. तोच शब्द दिवाणी कोर्टाच्या पायरीवर भेटला म्हणजे मात्र त्याचे रूप भयावह होई. कर्ज फेडण्यास आपण असमर्थ आहोत, आपली असेल नसेल ती मिळकत कोर्टाने ताब्यात घ्यावी आणि धनकोंच्या तगाद्यापासून आपल्याला संरक्षण द्यावे, अशी विनंती म्हणजे नादारीचा अर्ज. मराठीत याच अवस्थेला ‘दिवाळे’ असा दुसराही शब्द आहे. पेढी बुडाली म्हणजे सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून हा शब्द आला अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, दोन्ही शब्दांच्या छटा निराळ्या आहेत. दिवाळे व्यापाऱ्याचे निघते आणि त्यात लबाडीचा संशय मिसळलेला असतो. नादारी गरिबाच्या वाट्याला येते. कायद्याने पुढे दोघांनाही एकाच दरवाजातून आत घेतले. पण त्या दरवाजापर्यंत पोहोचण्याचे साधन दोघांजवळ सारखे कधीच नव्हते. ते साधन म्हणजे कायदा जाणणारा आणि आपल्या बाजूने बोलणारा माणूस. त्या माणसाचा इतिहास हाच या लेखाचा विषय आहे.

पेशवाईत कर्जवसुलीचा मुख्य मार्ग तगादा हा होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, त्याला घराबाहेर पडू देत नसे, प्रसंगी त्याचे अन्नपाणीही अडवी. ही पद्धत क्रूर होती, यात शंका नाही. परंतु तिला गावाची नजर होती आणि पंचांची मर्यादा होती. शिवाय दामदुपटीचा धर्मशास्त्रीय नियम होता : एका वेळी व्याज म्हणून मुद्दलाहून अधिक रक्कम मागता येत नसे. सावकारालाही कूळ जगवणे भाग होते, कारण ते कूळ मेले किंवा परागंदा झाले तर त्याचे येणेच बुडे. याच्या उलट बाजूस एक जबरदस्त बंधन होते. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई, आणि मुंबई इलाख्यात बापाकडून एक कवडी वारसा मिळाला नसला तरी मुलगा त्या कर्जास बांधलेला असे. १८६६ च्या मुंबई अधिनियम ७ ने ही जबाबदारी वारसाने मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली. कर्जदाराच्या सुटकेच्या इतिहासात या लहानशा कायद्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. वास्तविक पिढ्यान्‌पिढ्यांची बेडी सैल करण्याचे पहिले काम त्याने केले.

कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्या सुमारास तीन कायदे एकापाठोपाठ झाले, आणि त्या तिघांच्या संयोगातून दख्खनच्या शेतकऱ्याची कोंडी तयार झाली. १८५५ साली व्याजाच्या दरावरील मर्यादा उठली. १८५९ साली दिवाणी संहिता आली, आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदा झाला. नोंदणी न झालेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा आणला पाहिजे असे या शेवटच्या कायद्याने ठरवले. जुनी, विस्मृत झालेली कर्जे उकरून काढून गरिबाला छळू नये, हा त्यामागील हेतू. परिणाम अगदी उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई आणि त्या सगळ्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई. खत नवे करून देण्यास नकार दिला तर दावा ठरलेलाच. समन्स लागले तरी तालुक्याच्या गावी चार दिवस मोडून जाणे कुणब्याला परवडत नसे. तो गेला नाही म्हणजे एकतर्फी हुकूमनामा होई. गेला तरी खतावरचा आपला अंगठा त्याला नाकारता येत नसे. ‘अंगठा माझा आहे, परंतु रक्कम इतकी नव्हती’ हे कायद्याच्या भाषेत मांडणे हे त्याचे काम नव्हते; ते वकिलाचे काम होते, आणि वकिलाची फी देण्यासाठी त्याला पुन्हा त्याच सावकाराकडे जावे लागे.

हुकूमनाम्यामागून जप्ती आणि जप्तीमागून दिवाणी तुरुंग. १८५९ च्या संहितेनुसार ऋणकोला दोन वर्षांपर्यंत कैदेत ठेवता येई. १८७७ च्या संहितेने ही मुदत सहा महिन्यांवर आणली. या कैदेतील एक गोष्ट विलक्षण आहे. कैद्याच्या पोटाचा भत्ता हुकूमनामेदाराने भरायचा, आणि तो भरणे थांबले की कैदी सुटायचा. म्हणजे सावकार स्वतःच्या पैशाने आपल्या कुळाला तुरुंगात पोसत असे! त्याला पैसे परत मिळण्याची आशा तुरुंगातल्या माणसाकडून अर्थातच नव्हती. ती होती बाहेर राहिलेल्या बायकोच्या अंगावरच्या डागाकडून आणि भावांच्या अब्रूकडून. सुटका झाली तरी कर्ज फिटले असे होत नसे. फक्त त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटक होत नसे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले. त्यातच फेरपाहणीनंतर सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला, आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एकच गोष्ट लक्षात घ्यावयाची. दंगेखोरांना मुख्यतः हवी होती ती खते, रोखे आणि हुकूमनामे. ती हाती आली की ते जाळीत, आणि सावकाराने ती मुकाट्याने दिली तर बहुधा त्याच्या जिवास धक्का लावीत नसत. ज्या कागदाला कोर्टात उत्तर देता आले नाही, त्या कागदाला दिलेले हे उत्तर होते.

याच सुमारास पुण्यात कोर्टाबाहेरचा एक प्रयोग चालू होता. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे स्वतः वकील. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य दाखवणारे तेच. अशा माणसाने कज्जे कोर्टात न नेता लवादामार्फत मिटवावेत म्हणून खटपट करावी, यात विसंगती काहीच नाही. कोर्टाचा खर्च, तिकिटे, तारखा आणि बेलीफ यांची खरी किंमत वकिलालाच सर्वांत चांगली ठाऊक असते. सभेच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या लवाद कोर्टांत प्रतिष्ठित नागरिक पंच म्हणून बसत. दोन्ही पक्ष राजी असल्याखेरीज मात्र लवादाला हात घालता येत नसे. आणि ज्याच्या हातात पक्के खत आहे त्या धनकोने राजी का व्हावे, हा प्रश्न उरतच होता.

सरकारने नेमलेल्या दंगा चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा अधिनियम १७, म्हणजे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यातील तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास मुळापासून तपासण्याचे बंधन न्यायाधीशावर घातले गेले. ऋणकोने रक्कम कबूल केली, तरी ती कबुली खरी आहे आणि आपले कायदेशीर हक्क पूर्ण समजून दिलेली आहे, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. मुद्दल व व्याजाचे हिशेब वेगळे मांडायचे, दामदुपटीची मर्यादा पाळायची, हप्ते बांधून द्यायचे. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करायची नाही. स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन जप्त करायची नाही. खत गावच्या नोंदणीदारासमोरच लिहावे, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, दाव्यापूर्वी समेटकर्त्याकडे जावे. आणि पन्नास रुपये वा त्याहून अधिक देणे असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची मुभा.

परंतु या कायद्याचे सर्वांत बोधक कलम वकिलाविषयीचे आहे. समेटकर्त्यासमोर आणि गावमुनसफासमोर वकिलास, मुखत्यारास किंवा हायकोर्टाच्या ॲडव्होकेटास उभे राहण्याची बंदी झाली. दुय्यम न्यायाधीशापुढील शंभर रुपयांपर्यंतच्या कामांतही हाच नियम. विशेष कारण नमूद करून न्यायाधीशाने सूट दिली तरच वकील. नातेवाईक, नोकर किंवा आश्रित यांना मात्र परवानगीने पक्षकाराच्या वतीने येता येई. हेतू स्पष्ट आहे. वकील हा सावकाराच्या हातातले हत्यार आहे, ते काढून घेतले की सामना बरोबरीचा होईल, असा तो विचार. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोर्टकचेरीतील कारकून, वकील आणि त्यांच्या पायी नागवला जाणारा कुणबी यांविषयी जो संताप व्यक्त केला आहे, तो पाहता या बंदीचे स्वागत करणारे अनेक असणार हे उघड आहे. पण सामना बरोबरीचा झाला काय? वकील गेला तरी सावकाराचा गुमास्ता राहिला. वर्षाकाठी पुष्कळ दावे लावणाऱ्या त्या गुमास्त्याला कलमे तोंडपाठ असत. समोर आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेला शेतकरी. दोघांनाही वकील नाही, ही समता कागदावरची होती.

कायदा करणाऱ्यांना याची जाणीव अगदीच नव्हती असे म्हणता येत नाही. लगेच पुढच्या कलमात त्यांनी एक सवलत ठेवली. शेतकऱ्याच्या विरुद्ध पक्षाने वकील दिला असेल आणि योग्य कायदेशीर मदत मिळवण्याचे साधन शेतकऱ्यापाशी नाही असे न्यायाधीशास वाटले, तर शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलास किंवा काम करण्यास राजी असलेल्या दुसऱ्या योग्य व्यक्तीस त्याच्या वतीने उभे राहण्यास सांगावे. गरीब पक्षकाराला दिवाणी कामात कोर्टाने वकील मिळवून द्यावा, ही कल्पना आपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समजतो. ती १८७९ च्या या कायद्यात, एका कोपऱ्यात का होईना, बसलेली आहे. ‘राजी असलेल्या’ या शब्दांत तिची मर्यादाही आहे. फीची तजवीज न सांगता राजीखुशीवर सोडलेली मदत कितीशी मिळणार?

अपिलाची सोय या कायद्याने बऱ्याच अंशी काढून टाकली आणि तिच्या जागी तपासणीची पद्धत आणली. विशेष न्यायाधीश व त्याचे साहाय्यक यांनी दौरे करून दुय्यम न्यायाधीशांची दप्तरे पाहायची, चुकीचे निकाल स्वतः होऊन दुरुस्त करायचे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८० च्या दशकात हे काम केले, आणि १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टात जाईपर्यंत ते विशेष न्यायाधीश होते. रमाबाई रानडे यांच्या आठवणींमुळे त्या दौऱ्यांचे घरगुती चित्र मराठी वाचकांस परिचित आहे. अर्थशास्त्रावरील रानड्यांच्या लिखाणात ग्रामीण कर्जाचा प्रश्न वारंवार येतो, त्यामागे हा प्रत्यक्ष अनुभव आहे. ज्या शेतकऱ्याला वकील नव्हता, त्याचे प्रकरण निकालानंतर का होईना कोणीतरी जाणत्या माणसाने डोळ्यांखालून घालावे, अशी ही व्यवस्था होती. वकिलाच्या बंदीला काही नैतिक आधार असेल तर तो एवढाच.

नादारीच्या तरतुदीचा उपयोग शेतकऱ्यांनी फारसा केला नाही. जमिनीवर कलेक्टरची व्यवस्था बसणार आणि गावात ‘नादार’ म्हणून दवंडी पिटल्यासारखे होणार, यापेक्षा सावकाराचे हप्ते बरे, असेच पुष्कळांना वाटले असावे. सावकारांनीही पळवाट शोधली. गहाणखतावर कोर्ट प्रश्न विचारते ना, मग गहाणखत करायचेच नाही. सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे तोंडी वचन द्यायचे. पुढे कायद्यात कलम घालावे लागले की, दिसायला खरेदीखत असले तरी तो व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता हे दाखवणारा तोंडी पुरावा घेता येईल. दुसरीकडे, शहरात राहून दोन बिघे जमिनीच्या जोरावर स्वतःस ‘शेतकरी’ म्हणवणारे कर्जदारही निपजले, आणि शेतकरी कोणास म्हणावे यावरच वकिलांच्या बुद्धीचा कस लागला.

शेतकरी नसलेल्या कर्जदाराचे काय? मुंबई शहरात १८४८ पासून नादार ऋणकोंसाठी स्वतंत्र कायदा होता. १९०९ साली इलाखा शहरांचा नवा कायदा झाला. मुलखातील इतरांना दिवाणी संहितेतील एका प्रकरणावर भागवावे लागे. १९०७ साली प्रांतिक नादारी कायदा झाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १९२० च्या अधिनियम ५ च्या रूपाने आली. पगारदार कारकून, लहान दुकानदार, विणकर, शाळामास्तर असे लोक या कायद्याच्या आधाराने कोर्टात येऊ शकत. पाचशे रुपयांचे देणे असावे, किंवा हुकूमनाम्यासाठी अटक वा जप्ती झालेली असावी, अशी अट. १९०८ च्या दिवाणी संहितेने तर अटक करून आणलेल्या ऋणकोला नादारीचा अर्ज करता येतो हे कोर्टाने स्वतः त्यास सांगितले पाहिजे असे घातले. महिन्याच्या आत अर्ज करण्याबद्दल जामीन दिला की सुटकाही मिळे.

अर्ज मंजूर झाला की मिळकत कोर्टाच्या किंवा रिसीव्हराच्या ताब्यात जाई. कोर्टाच्या परवानगीवाचून कोणाही धनकोला वेगळी कारवाई करता येत नसे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीस अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, एवढे मात्र जप्तीपलीकडे राही. इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते पुढेच. नादार ठरवणारा हुकूम म्हणजे मुक्तता नव्हे. त्या हुकुमातच एक मुदत घातलेली असे, आणि तिच्या आत मुक्ततेचा वेगळा अर्ज करावा लागे. तो न केल्यास नादारीच रद्द होई आणि सारे धनको पुन्हा दारात उभे! दोन वर्षांच्या आत मेहुण्याच्या नावे केलेले बक्षीसपत्र, किंवा तीन महिन्यांच्या आत एकाच सावकाराला झुकते माप देऊन केलेली फेड, हेही उलटत असे. रुपयास आठ आणेही धनकोंना मिळण्याजोगी मिळकत नसेल तर ती केवळ दुर्दैवाने तशी झाली हे दाखवावे लागे. सरकारी देणे, फसवणुकीने झालेले कर्ज आणि पोटगी यांतून तर मुक्तता नव्हतीच. हा सगळा मार्ग एकट्याने चालण्यासारखा नव्हे. अर्जनवीस अर्ज लिहून देई, परंतु मुदतीची आठवण तो ठेवत नसे. वकील ती ठेवी. नादाराकडून फी घ्यावी कशी हा वकिलापुढील संकोच आणि द्यावी कोठून हा नादारापुढील प्रश्न, यांमध्ये कित्येक मुदती निघून गेल्या असतील.

बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईचे. त्यामुळे सीमाभागातील कर्जदाराचा कायदेशीर इतिहास पुण्यासाताऱ्याहून फारसा वेगळा नाही. शेतकरी साहाय्य कायद्याची व्याप्ती १९०५ च्या सुमारास इलाखाभर वाढली. १९३९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने कर्ज तडजोड मंडळे आणली, आणि १९४७ च्या कायद्याने ते काम पुन्हा कोर्टांकडे दिले. राज्यपुनर्रचनेनंतर वाटा वेगळ्या झाल्या. आणीबाणीच्या काळात दुर्बल कर्जदारांसाठी दोन्ही राज्यांनी आपापले कर्जनिवारण कायदे केले. ज्यांना मुळात कर्जात पडूच द्यायचे नाही अशांसाठीची वाट निराळी. १८८९ मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी स्थापन केलेल्या ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’कडे त्या दृष्टीने पाहिले पाहिजे, सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली झाला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी याबद्दल थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

गरिबाला मोफत वकील हा विषय मुंबई राज्यात १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या समितीने हाती घेतला. १९७६ मध्ये घटनेत अनुच्छेद ३९-अ आला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालील कोणीही या कायद्याने वकील मागू शकतो. दरम्यान १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीस यांच्या प्रकरणात सांगितले की, देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून लबाडीने टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे. मुलाच्या धर्मकर्तव्याचे जुने बंधनही ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरते हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने गेले.

२०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची योजना आहे : वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत आणि पात्र कर्ज पस्तीस हजारांपर्यंत असलेल्यास साध्या अर्जावर कर्जमुक्ती. वाचून समाधान वाटावे अशी ही तरतूद आहे. परंतु हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. लहान दुकानदाराला किंवा नोकरी गेलेल्या कारकुनाला नादारीचा अर्ज करावयाचा असेल, तर तो अजूनही १९२० च्याच कायद्याखाली करावा लागतो. त्यासाठी जावयाचे ते जिल्हा न्यायालयात, आणि मोफत वकिलासाठी अर्ज द्यावयाचा तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. ही दोन्ही कार्यालये बहुतेक ठिकाणी एकाच आवारात आहेत.